काट्यावरची रांग आणि डेटाबेसचा इंडेक्स : एक्सेलमधून विचारलेली क्वेरी वेगवान कशी ठेवावी

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या खरेदी केंद्रात मी हिशेबाचे काम पाहतो, तेथे दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या पहाटेपासून फाटकाबाहेर लागतात. वजनकाट्यावर भरलेली गाडी चढते, माल उतरवून रिकामी गाडी पुन्हा चढते, दोन वजनांतील फरकाची काटापट्टी निघते आणि ती नोंद मायएसक्यूएल डेटाबेसमधील "पावती" या टेबलात जाऊन बसते. कार्यालयातील काम मात्र एक्सेलवर चालते, कारण एक्सेल सर्वांना येते. शीटच्या एका खान्यात शेतकऱ्याचा क्रमांक टाकावा आणि त्याच्या चालू हंगामातील पट्ट्या, वजन, दर व जमा झालेली रक्कम खाली उमटावी, अशी सोय आम्ही करून घेतली होती. पहिल्या हंगामात ती झटपट चालली. तिसऱ्या हंगामात खिडकीशी उभा असलेला माणूस "भाऊ, मशीन झोपली काय?" असे विचारू लागला, आणि त्याचे काही चुकत नव्हते.

त्या वेळी आम्ही संगणकाची मेमरी वाढवली. फरक पडला नाही. दोष संगणकात नव्हता. डेटाबेसला एका माणसाच्या पाच-सहा नोंदी शोधण्यासाठी दर वेळी सगळे टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे लागत होते. यावरचा उपाय म्हणजे इंडेक्स. परंतु इंडेक्स तयार केला म्हणजे काम झाले, अशी समजूत करून घेऊ नये. शीटने विचारलेला प्रश्न त्या इंडेक्सला कळेल अशा रूपात असावा लागतो, आणि माझ्या अनुभवात अडचण बहुतेक वेळा याच ठिकाणी असते.

एक खुलासा आधीच करतो. खालील आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टेबलांची व स्तंभांची नावे मायएसक्यूएलमध्ये देवनागरीत ठेवता येतात, परंतु आज्ञेचे शब्द टंकताना रोमन लिपीच वापरावी लागते.

सातबारा आणि आठ-अ

इंडेक्स म्हणजे काय, हे समजण्यासाठी संगणकाकडे जाण्याची गरज नाही. तलाठ्याचे दप्तर पुरेसे आहे. गावचा सातबारा गट क्रमांकाप्रमाणे लावलेला असतो. गट क्रमांक ११२ कोणाच्या नावावर आहे, हे त्यावरून लगेच सांगता येते. मात्र एखाद्या खातेदाराची गावात एकूण किती ठिकाणी जमीन आहे, हे केवळ सातबाऱ्यांवरून काढायचे झाल्यास प्रत्येक गटाचा उतारा उलटून पाहावा लागेल. त्यासाठी आठ-अ आहे. तो खात्याप्रमाणे लावलेला असून, त्या खात्यावर कोणकोणते गट आहेत हे तो एका ठिकाणी दाखवतो. डेटाबेसमधील टेबल म्हणजे सातबारा आणि त्यावरील इंडेक्स म्हणजे आठ-अ, असे मानल्यास पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात. फेरफार मंजूर होऊन खातेदार बदलला, तर दोन्ही ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. इंडेक्सची किंमतही नेमकी हीच आहे.

संगणकातील इंडेक्स बहुधा बी-ट्री नावाच्या रचनेत ठेवलेला असतो. ही रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी बोईंग कंपनीच्या संशोधन विभागात काम करताना १९७० च्या सुमारास मांडली. त्यात क्रमाने लावलेल्या किमती पानांमध्ये भरलेल्या असतात आणि वरच्या पानावरून कोणत्या खालच्या पानाकडे जायचे हे कळते. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण पद्धतीत असे एक पान सामान्यतः १६ किलोबाइटचे असते व त्यात शेकडो किमती मावतात. म्हणून टेबलात दहा लाख नोंदी असल्या तरी तीन-चार पाने उलटताच हवी ती नोंद सापडते.

प्रश्न आधी कागदावर लिहावेत

इंडेक्स टेबलाकडे पाहून ठरवू नये, प्रश्नांकडे पाहून ठरवावा. आमच्या शीटमधून दिवसभर विचारले जाणारे प्रश्न मी एका कागदावर लिहून काढले, तेव्हा ते तीनच निघाले. या शेतकऱ्याच्या चालू हंगामातील पट्ट्या कोणत्या? आज गावनिहाय किती क्विंटल माल आला? आणि या क्रमांकाची पट्टी दाखवा. यांपैकी तिसऱ्या प्रश्नासाठी काहीच करावे लागत नाही, कारण पट्टीचा क्रमांक ही टेबलाची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची स्वतंत्र ओळख, असेल तर तिच्यावर इंडेक्स आपोआप असतो. म्हणजे खरा विचार दोनच प्रश्नांचा करायचा होता.

याच वेळी शीटसाठी डेटाबेसमध्ये वेगळे खाते उघडावे आणि त्याला फक्त वाचण्याचा, म्हणजे सिलेक्टचा, अधिकार द्यावा. इंडेक्स बनवण्याचे काम दुसऱ्या, जास्त अधिकारांच्या खात्यातून करावे. हंगामाच्या गर्दीत कोणाचा हात कोठे पडेल, हे सांगता येत नाही.

एक्सेल प्रत्यक्षात काय विचारते, हे पाहावे

आपण शीटमध्ये लावलेली चाळणी आणि डेटाबेसपर्यंत पोहोचलेली क्वेरी, म्हणजे त्याला विचारलेला प्रश्न, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पॉवर क्वेरी या एक्सेलमधील बाहेरची माहिती ओढण्याच्या साधनात आपण "शेतकरी क्रमांक अमुक" अशी चाळणी लावतो, आणि सर्व ठीक असल्यास पॉवर क्वेरी ती अट डेटाबेसकडे पाठवते. परंतु चाळणीच्या आधी एखादी अशी पायरी असली की जिचे डेटाबेसच्या भाषेत रूपांतर होत नाही, तर सगळे टेबल तारेवरून आपल्या संगणकावर ओढले जाते आणि मग येथे चाळले जाते. अशा वेळी कितीही इंडेक्स बनवले तरी उपयोग शून्य. यात एक नावाचा घोटाळाही आहे. पॉवर क्वेरीमध्ये "ॲड कॉलम" खाली "इंडेक्स कॉलम" असा पर्याय दिसतो. तो केवळ अनुक्रमांकाचा स्तंभ जोडतो आणि त्याचा डेटाबेसच्या इंडेक्सशी काडीचाही संबंध नाही. उलट ती पायरी चाळणीच्या आधी घातल्यास चाळणी बहुतेक वेळा डेटाबेसपर्यंत पोहोचतच नाही.

खात्री करण्याचा सोपा मार्ग असा : शीट रिफ्रेश करावी आणि ती चाललेली असतानाच डेटाबेसवर ही आज्ञा द्यावी.

शो फुल प्रोसेसलिस्ट;

त्या क्षणी चालू असलेली क्वेरी जशीच्या तशी समोर येते. तिच्यात "व्हेअर" च्या पुढे आपली अट दिसली तर ठीक, केवळ "सिलेक्ट... फ्रॉम पावती" एवढेच दिसले, तर दुरुस्ती शीटमध्ये करायची आहे, डेटाबेसमध्ये नाही. क्वेरी पकडता येत नसेल तर स्लो क्वेरी लॉग, म्हणजे संथ क्वेरींची नोंदवही, सुरू करावा. तो मुळात बंद असतो, आणि सुरू केल्यावरही दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरीच नोंदवतो. ही मर्यादा एक सेकंदावर आणावी, कारण खिडकीवर दहा सेकंद फार असतात.

एका खान्यातील क्रमांकावरून माहिती काढण्याच्या कामासाठी मला जुने मायक्रोसॉफ्ट क्वेरीच अधिक भरवशाचे वाटते. "डेटा", "गेट डेटा", "फ्रॉम अदर सोर्सेस" या वाटेने ते उघडते. क्वेरीत किमतीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावे, आणि नंतर जोडणीच्या गुणधर्मांत "पॅरामीटर्स" मध्ये जाऊन ती किंमत कोणत्या खान्यातून घ्यायची ते सांगावे. खाना बदलताच आपोआप रिफ्रेश होण्याचा पर्यायही तेथेच आहे. त्यासाठी लागणारा ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे एक्सेल व डेटाबेस यांना जोडणारा दुवा, एक्सेल ज्या बिटचे आहे त्याच बिटचा, म्हणजे ३२ ला ३२ व ६४ ला ६४, असावा लागतो. नाहीतर जोडणीच होत नाही.

एक्सप्लेन वाचणे

क्वेरी हाती लागली की तिच्या आधी "एक्सप्लेन" हा शब्द लावून ती डेटाबेसवर चालवावी. त्यातून पट्ट्या मिळत नाहीत. त्या कशा शोधल्या जातील, याचा आराखडा मिळतो. आरंभी चार रकान्यांकडे लक्ष देणे पुरेसे आहे. "टाइप" मध्ये "ऑल" आले, तर संपूर्ण टेबल वाचले जाणार आहे. "रेफ" किंवा "रेंज" आले, तर इंडेक्स वापरला जात आहे. "पॉसिबल कीज" मध्ये उपयोगी पडू शकतील असे इंडेक्स असतात, आणि "की" मध्ये प्रत्यक्ष निवडलेला. "रोज" (इंग्रजी rows, ओळी) म्हणजे अंदाजे किती ओळी वाचाव्या लागतील. हा अंदाजच असतो, मोजणी नव्हे. मायएसक्यूएलऐवजी पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांना "सेक स्कॅन" व "इंडेक्स स्कॅन", आणि एसक्यूलाइट वापरणाऱ्यांना "स्कॅन" व "सर्च" असे शब्द दिसतील, अर्थ तोच.

इंडेक्स बनवणे आणि स्तंभांचा क्रम

पहिल्या प्रश्नासाठी इंडेक्स असा होतो :

क्रिएट इंडेक्स शेतकरी_तारीख ऑन पावती (शेतकरी_क्रमांक, तारीख);

येथे स्तंभांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा पाहताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि शेवटी गट क्रमांक द्यावा लागतो. ज्याला गट क्रमांक ठाऊक आहे पण गाव ठाऊक नाही, त्याला तेथे काही सापडत नाही. दोन स्तंभांचा इंडेक्सही असाच डावीकडून वाचला जातो. वरचा इंडेक्स "या शेतकऱ्याच्या सर्व पट्ट्या" या प्रश्नालाही चालतो आणि "या शेतकऱ्याच्या ऑक्टोबरनंतरच्या पट्ट्या" यालाही. पण "आजच्या सर्व पट्ट्या" या प्रश्नाला त्याचा उपयोग होत नाही, कारण तारीख दुसऱ्या स्थानी आहे. ज्या स्तंभावर "बरोबर" अशी अट आहे तो आधी आणि ज्यावर "पासून-पर्यंत" अशी अट आहे तो नंतर, हा नियम बहुतेक ठिकाणी पुरतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी तारीख, गाव क्रमांक आणि वजन या तिन्हींचा एक इंडेक्स केला. वजनावर कोठलीही अट नसताना ते का घेतले, असे कोणी विचारील. क्वेरीला लागणारे सर्व स्तंभ इंडेक्समध्येच असले की डेटाबेसला मूळ टेबलाकडे जावेच लागत नाही. एक्सप्लेनच्या "एक्स्ट्रा" रकान्यात तेव्हा "युझिंग इंडेक्स" असे दिसते.

माल या स्तंभावर मात्र इंडेक्स करू नये. आमच्याकडे कापूस, सोयाबीन आणि तूर असे तीनच माल आहेत. "कापूस" म्हटल्यावर टेबलातील बहुतांश ओळी येणारच असतील, तर इंडेक्समधून एकेक ओळीकडे जाण्यापेक्षा सगळे टेबल सरळ वाचणे स्वस्त पडते, आणि डेटाबेस बहुधा तेच करतो.

गावाच्या नावावरही इंडेक्स करण्यापेक्षा गावाला क्रमांक द्यावा. "पांढरकवडा" या नावात नऊ युनिकोड चिन्हे आहेत व प्रत्येक देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणजे एकूण सत्तावीस. साध्या पूर्णांकाला चार बाइट पुरतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की आपल्याकडे हिंदी कळफलकावर टंकणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा नुक्तेवाला "ड़" डेटाबेसच्या लेखी मराठी "ड" हून वेगळा ठरू शकतो. शिवाय वडगाव आणि पिंपळगाव किती तालुक्यांत आहेत, हे विदर्भात राहणाऱ्याला सांगायला नको. शीटमध्ये गावांची निवडयादी लावावी आणि मागे क्रमांकच जाऊ द्यावा.

आज्ञा देण्याआधी बॅकअप घ्यावा, काटा बंद झाल्यावर संध्याकाळी हे काम करावे आणि लोडशेडिंगच्या वेळेत करू नये. इंडेक्स झाल्यावर "ॲनालाइझ टेबल पावती;" ही आज्ञा देऊन डेटाबेसचे अंदाज ताजे करावेत. त्यानंतर तीच क्वेरी पुन्हा एक्सप्लेनमधून पाहावी.

इंडेक्स आहे, पण वापरला जात नाही

माझी शीट याच जागी अडली होती, म्हणून येथे थोडे थांबतो. शेतकरी क्रमांक आम्ही पाच अंकी ठेवला आहे व पुढची शून्ये जाऊ नयेत म्हणून डेटाबेसमध्ये तो मजकूर प्रकारात आहे : "००४१२". एक्सेलच्या खान्यात मात्र ००४१२ टंकले की एक्सेल ते ४१२ करून टाकते आणि डेटाबेसला संख्या पाठवते. मजकुराच्या स्तंभाची संख्येशी तुलना करायची वेळ आली की मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतील मजकुराचे आधी संख्येत रूपांतर करते, आणि इंडेक्स तर मजकुराच्या क्रमाने लावलेला. त्यामुळे तो बाजूला पडतो. यातील फसवी गोष्ट अशी की उत्तर बरोबर येते. "००४१२" ची संख्या ४१२ च होते, पट्ट्या बरोबर दिसतात, म्हणून चूक आहे अशी शंकाही येत नाही. एक्सप्लेनमध्ये मात्र "पॉसिबल कीज" मध्ये इंडेक्सचे नाव होते आणि "की" मध्ये "नल", म्हणजे काहीच नाही. हे चित्र दिसले की प्रकारांचा मेळ बसत नाही, असा पहिला संशय घ्यावा. पोस्टग्रेस अशा तुलनेला सरळ नकार देते. तेव्हा राग येतो, पण ते जास्त प्रामाणिक आहे.

दुरुस्ती एका खान्याची होती. टंकण्याचा खाना तसाच ठेवला, शेजारच्या खान्यात "टेक्स्ट" फंक्शनने त्याचा पाच अंकी मजकूर केला आणि पॅरामीटर त्या दुसऱ्या खान्याला जोडला. त्यानंतर खिडकीशी "मशीन झोपली काय" असे कोणी विचारले नाही. उलट बाजूने, म्हणजे स्तंभ संख्येचा आणि किंमत मजकुराची असेल, तर एवढी अडचण येत नाही. तेथे एकाच किमतीचे रूपांतर करावे लागते.

तारखेची गोष्ट याच जातीची. कापसाचे वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असते, त्यामुळे हंगाम काढण्यासाठी तारखेवर "इयर" आणि "मंथ" ही फंक्शने लावण्याचा मोह होतो. स्तंभाला फंक्शनमध्ये गुंडाळले की साधा इंडेक्स वापरता येत नाही, कारण इंडेक्समध्ये तारखा आहेत, महिने नाहीत. २०२३-२४ चा हंगाम हवा असल्यास "तारीख १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यापुढची, आणि १ ऑक्टोबर २०२४ च्या आधीची" अशी अट लिहावी. तारखेच्या स्तंभात वेळही साठवली असेल, तर आजच्या पट्ट्यांसाठीही "आजपासून उद्याच्या आधीपर्यंत" असेच विचारावे. आणि क्वेरीचा मजकूर शीटमधील सूत्राने जोडून तयार होत असेल, तर एक्सेलसाठी १ ऑक्टोबर २०२३ म्हणजे ४५२०० हा आकडा आहे, हे विसरू नये. वर्ष-महिना-दिवस असा मजकूर करूनच तारीख पाठवावी.

नावावरून शोधताना "लाइक" मध्ये शेवटी टक्केचिन्ह असेल, जसे "पिंपळ%", तर इंडेक्स चालतो. सुरुवातीला टक्केचिन्ह आले की चालत नाही. पहिले अक्षरच ठाऊक नसेल तर शब्दकोश कोठे उघडणार?

शीटमध्ये किती आणायचे

एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणून तितक्या आणाव्यात असे नाही. गावनिहाय बेरीज हवी असताना सगळ्या पट्ट्या शीटमध्ये ओढून तेथे पिव्होट करणारे मी पाहिले आहेत, आणि मीही ते केले आहे. लाखो ओळी तारेवरून येण्यास जो वेळ लागतो, तो कोणताही इंडेक्स वाचवू शकत नाही. बेरीज "ग्रुप बाय" ने डेटाबेसमध्येच करावी. शीटमध्ये गावांच्या संख्येइतक्या ओळी येतात. दर मिनिटाला आपोआप रिफ्रेश होण्याचा पर्याय चार संगणकांवर लावून ठेवण्याची हौसही टाळावी.

जास्तीचे इंडेक्स

पहिल्या यशानंतर मी उत्साहाने जवळजवळ प्रत्येक स्तंभावर इंडेक्स करून ठेवले होते. काट्यावर एकेक पट्टी चढताना त्याचा भार जाणवत नाही. परंतु जुन्या हंगामांच्या फाइली एकदम चढवायला घेतल्या, तेव्हा प्रत्येक ओळीमागे टेबलाबरोबर ते सर्व इंडेक्सही बदलावे लागत होते, आणि रात्री लावलेले काम सकाळी फाटक उघडले तरी चालूच होते.

एकच स्तंभ आरंभी असलेले दोन इंडेक्स असतील, जसे केवळ शेतकरी क्रमांकाचा एक आणि शेतकरी क्रमांक व तारीख यांचा दुसरा, तर पहिला बहुधा काढून टाकता येतो. काढण्याची धास्ती वाटत असल्यास मायएसक्यूएल ८.० मध्ये चांगली सोय आहे : इंडेक्स न पुसता डेटाबेसपासून लपवता येतो.

अल्टर टेबल पावती अल्टर इंडेक्स माल_इंडेक्स इनव्हिजिबल;

मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबीमध्ये १०.६ पासून यासाठी "इग्नोर्ड" हा शब्द आहे. लपवलेला इंडेक्स पार्श्वभूमीत अद्ययावत होत राहतो, त्यामुळे भार कमी होत नाही, पण गरज पडल्यास "व्हिजिबल" म्हणून क्षणात परत आणता येतो. मी असे इंडेक्स दसऱ्याला लपवतो, कापूस आणि तूर दोन्हींची खरेदी उरकेपर्यंत स्लो क्वेरी लॉग पाहत राहतो, आणि उन्हाळ्यात काटा बंद असताना पुसून टाकतो.